साखरझोपेची वेळ आणि चोवीस तासांची शर्यत

आरोग्याच्या या सदरात मोटारींच्या शर्यतीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण लग्नसराई सुरू झाली, की माझ्या दवाखान्यात अपघाताचे रुग्ण वाढतात आणि त्यातले बरेच अपघात पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान झालेले असतात. रस्ता मोकळा, गाडी धड, चालक दारूही न प्यालेला, तरी गाडी झाडावर किंवा उभ्या ट्रकवर जाते. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, काय झाले ते कळलेच नाही." काय झाले ते शरीरशास्त्राला मात्र चांगले माहीत आहे. मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार असा आहे, की त्यात ही सगळी गणिते घड्याळ लावून मांडली जातात. म्हणून आज त्या शर्यतीबद्दल लिहीत आहे.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात डेटोना बीच नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील शर्यतीच्या मार्गावर दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस स्पोर्ट्स कारच्या हंगामाची पहिली शर्यत होते. ती थोडीथोडकी नव्हे, तर सलग चोवीस तासांची! शनिवारी दुपारी सुरू झालेली शर्यत रविवारी दुपारी संपते. १९६२ मध्ये येथे पहिली शर्यत झाली तेव्हा ती तीन तासांची होती. १९६६ पासून ती चोवीस तासांची झाली. तेलटंचाईमुळे १९७४ मध्ये ती झालीच नाही. एक फेरी सुमारे पावणेसहा किलोमीटरची. २०२० मध्ये विजेत्या गाडीने चोवीस तासांत ८३३ फेऱ्या मारल्या. म्हणजे सुमारे ४,७७० किलोमीटर. काश्मीरहून कन्याकुमारीला जाऊन पुन्हा बरेच अंतर परत यावे, इतका हा प्रवास!

या शर्यतीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे एकाच रस्त्यावर एकाच वेळी वेगवेगळ्या गटांच्या गाड्या धावतात. २०२५ च्या शर्यतीत चार गटांच्या मिळून ६१ गाड्या होत्या. जीटीपी आणि एलएमपी-२ या गटांतील गाड्या खास शर्यतीसाठी बांधलेल्या असतात. जीटीडी प्रो आणि जीटीडी या गटांतील गाड्या मात्र बाजारात मिळणाऱ्या मोटारींवरून तयार केलेल्या असतात. प्रत्येक गटाचा विजेता वेगळा. सर्वांत वेगवान गट आणि सर्वांत सावकाश गट यांच्या वेळेत फेरीमागे दहा-बारा सेकंदांचा फरक पडतो. म्हणजे पुढच्या गटातील चालकाला अर्ध्या तासात अनेक गाड्यांना मागे टाकावे लागते आणि मागच्या गटातील चालकाची अर्धी नजर सतत आरशात असते. आपल्या घाटात एस.टी., ट्रक, उसाचा ट्रॅक्टर आणि मोटारसायकल एकाच रस्त्याने जातात, त्याची येथे आठवण व्हावी. फक्त येथे वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात पोहोचतो.

शरीरावर काय बेतते?

मोटार चालवायला कसली ताकद लागते, बसून तर राहायचे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. शर्यतीत चालकाच्या नाडीचे ठोके मिनिटाला १५० च्या आसपास राहू शकतात. चढावर सायकल मारणाऱ्या माणसाइतके हे ठोके झाले. डेटोनाच्या वळणांवर रस्ता ३१ अंशांनी तिरपा आहे. तेथून वेगाने जाताना शरीर सीटमध्ये दाबले जाते आणि शिरस्त्राणासह डोक्याचा भार मानेवर काही पटींनी येतो. ब्रेकचे पेडल दर वेळी सगळी ताकद लावून दाबावे लागते.

त्यात उष्णतेची भर. चालकाच्या अंगात आगीपासून बचाव करणारे अनेक पदरी कपडे, डोक्यावर कापडी टोपडे आणि वर शिरस्त्राण. इंजिनाची धग आतपर्यंत येते. घाम येतो, पण त्या कपड्यांतून तो वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक पाणी घामावाटे जाऊ शकते. म्हणून अनेक चालक बारीक नळ्या शिवलेला सदरा घालतात. त्या नळ्यांतून गार पाणी फिरत असते. तोंडाशी पाण्याची नळीही असते.

पाणी कमी पडले तर काय होते? प्रथम तहान लागते हे खरे, पण तहानेबरोबरच लक्ष विचलित होऊ लागते. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात काही वर्षांपूर्वी माणसांना मोटारीच्या नकली केबिनमध्ये बसवून प्रयोग केला गेला. पुरेसे पाणी न प्यालेल्या दिवशी त्याच माणसांच्या हातून अधिक चुका झाल्या. गाडी पट्ट्याबाहेर जाणे, ब्रेक उशिरा लागणे, अशा त्या चुका होत्या. आपल्याकडील लांब पल्ल्याचे चालक लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. असे करणाऱ्यांना मुतखड्याचा त्रास होतो हे त्यांना ठाऊक असते, कारण त्या कळा त्यांनी सोसलेल्या असतात. पण त्याच सवयीने त्यांची नजर आणि हातही मंदावतात, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

खरा शत्रू झोप

उष्णता आणि तहान यांवर उपाय करता येतो. झोपेचे तसे नाही. जानेवारीत फ्लोरिडामध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि सकाळी सात वाजून गेल्यावर उजाडते. म्हणजे शर्यतीचे जवळजवळ तेरा तास अंधारात जातात. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत अधिक प्रसिद्ध आहे. पण ती जूनमध्ये होते आणि तेथील रात्र लहान असते. या दृष्टीने डेटोनाची रात्र अवघड.

आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. ते बाहेरच्या उजेडावर लावले जाते आणि सुमारे चोवीस तासांनी फेरी पूर्ण करते. या घड्याळानुसार पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली उतरते, प्रतिसाद मंदावतो आणि झोपेची ओढ सर्वांत तीव्र होते. आपल्या आजीने याच वेळेला साखरझोप म्हटले. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान अशीच, पण थोडी सौम्य ओढ येते. जेवण केले नाही तरी ती येते. तेव्हा सारा दोष भातावर टाकू नये.

झोप अनावर झाली की मेंदू परवानगी न विचारता काही सेकंद बंद पडतो. डोळे उघडे असले तरी माणूस त्या क्षणी पाहत नसतो. याला आपण क्षणिक डुलकी म्हणू. गणित साधे आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी जीप चार सेकंदांच्या डुलकीत जवळजवळ नव्वद मीटर पुढे जाते आणि तेवढा वेळ ती कोणी चालवत नसते. ताशी तीनशेच्या वेगाने तेच अंतर तीनशे मीटरच्या पुढे जाते.

जागरण आणि दारू यांची तुलना ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये करून दाखविली. सलग १७ तास जागा असलेला माणूस हाताच्या कामात जितका मंदावतो, तितकाच तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना मंदावतो. २४ तास जागरण झाले तर ही बरोबरी ०.१० टक्क्यांशी होते. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के ठरविली आहे. याचा अर्थ असा, की सकाळी सहाला उठून दिवसभर लग्नात राबलेला आणि रात्री अकरा वाजता जीप काढणारा निर्व्यसनी माणूसही, शरीराच्या दृष्टीने, त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. पोलिसांचे यंत्र फुंकून हे कळत नाही, एवढाच फरक.

एकट्याने चोवीस तास

एका चालकाने सगळी शर्यत एकट्याने काढली तर? असा प्रयत्न झालेला आहे. १९५२ मध्ये ल मां येथे पिअर लव्हे या फ्रेंच चालकाने सोबतच्या चालकाला गाडीच दिली नाही. जवळजवळ तेवीस तास तो एकटाच चालवीत राहिला. तो चार फेऱ्यांनी पुढे होता. शर्यत संपायला तासाभराचाच अवकाश असताना त्याच्या गाडीचे इंजिन निकामी झाले. थकव्यामुळे त्याचा गिअर चुकला, असे अनेकांनी म्हटले. त्याच्या मते दोष इंजिनातच होता. खरे काहीही असो, पुढे एका चालकाने किती वेळ चालवावे यावर बंधने आली. आज ल मां येथे आणि डेटोनालाही कोणत्याही सहा तासांत एका चालकाला चार तासांहून अधिक चालविता येत नाही. ल मां येथे संपूर्ण शर्यतीत एकाला चौदा तासांची मर्यादा आहे. प्रत्येक गाडीला तीन-चार चालक असतात.

आपल्याकडेही कायदा आहे. २०२५ पर्यंत मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ लागू होता. त्यानुसार चालकाचे काम दिवसाला आठ तासांचे होते आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती होती. बक्षिसासाठी धावणाऱ्या धनिक संघांना जो नियम मोडता येत नाही, तोच नियम आपल्याकडे भाड्याच्या गाडीवर किती पाळला जातो, हे वाचकांनी स्वतःच्या गावात पाहावे.

ते झोप कशी सांभाळतात?

या शर्यतीतील संघ झोपेचा हिशेब टायर आणि पेट्रोलसारखाच करतात. आपली पाळी संपवून चालक उतरतो, पाणी पितो, कपडे बदलतो, थोडे हलके खातो आणि अंधाऱ्या, शांत खोलीत पडतो. गाढ झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडायचे. पुढच्या पाळीच्या बऱ्याच आधी त्याला उठवितात. यामागे कारण आहे. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे, कधी अर्धा तासही, मेंदू पूर्ण जागा नसतो. झोपेतून उठवून लगेच चाक हातात देणे म्हणजे अर्धवट जागा माणूस रस्त्यावर सोडणे होय. आपल्याकडे क्लीनर पहाटे ड्रायव्हरला हलवून उठवितो आणि दोन मिनिटांत ट्रक रस्त्यावर असतो. त्या वेळी काय होते ते आता लक्षात यावे.

यात एक उलटी गोष्टही आहे. शर्यतीत सभोवती गाड्यांची गर्दी असते, सतत कोणाला तरी ओलांडायचे असते, त्यामुळे मेंदूला काम मिळते. आपल्या नव्या महामार्गांवर नेमके याच्या विरुद्ध घडते. नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. सरळ रस्ता, एकसारखा आवाज, समोर तेच पांढरे पट्टे. अशा रस्त्यावर मेंदूला भूल पडते. खड्ड्यांच्या रस्त्याने हाडे खिळखिळी होतात, पण माणूस जागा राहतो. चांगल्या रस्त्याचे हे ऋण विश्रांती घेऊनच फेडावे लागते.

शर्यतीत आणखी एक वर्ग विसरला जातो. गाडीचे टायर बदलणारे, पेट्रोल भरणारे मेकॅनिक. चालक आलटून पालटून झोपतात, हे लोक मात्र बहुधा खुर्चीतच डुलक्या घेत रात्र काढतात. मला त्यांच्यात आपल्या रुग्णालयातील परिचारिका, साखर कारखान्याच्या रात्रपाळीचे कामगार आणि रुग्णाच्या उशाशी बसलेले नातेवाईक दिसतात. दोन-दोन रात्री जागून सकाळी मोटारसायकलवर गावी निघालेल्या नातेवाइकाला मी स्वतः अनेकदा थांबविले आहे. वडील बरे होऊन घरी जायचे आणि मुलगा अपघात विभागात, हे दृश्य मला या नोकरीत नको तितक्या वेळा पाहावे लागले आहे.

वय आणि मधुमेह

या शर्यतीतील दोन उदाहरणे माझ्या रुग्णांना मी आवर्जून सांगतो. प्रसिद्ध अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९९५ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, डेटोनाच्या चोवीस तासांत आपल्या गटाचे विजेतेपद मिळविले. सोबत तीन चालक होते, पाळ्या ठरलेल्या होत्या. वय झाले म्हणून चाक सोडलेच पाहिजे असे नाही. नजर, रक्तदाब आणि विश्रांती सांभाळली पाहिजे.

दुसरे उदाहरण चार्ली किंबॉल यांचे. त्यांना तरुणपणीच, २००७ मध्ये, इन्शुलिन घ्यावे लागणारा मधुमेह झाला. तरी २०१३ मध्ये डेटोनाची शर्यत जिंकणाऱ्या चार चालकांत ते होते. इंडिकार शर्यतींत ते रक्तातील साखरेचा आकडा समोर दिसेल अशी सोय करीत आणि साधे पाणी व गोड पेय अशा दोन्हींची व्यवस्था गाडीत ठेवीत. मधुमेह लपविण्याऐवजी त्यांनी तो हिशेबात धरला. आपल्याकडे परवान्याच्या भीतीने चालक मधुमेह लपवितात, गोळी घेऊन जेवण टाळतात आणि साखर उतरून गाडीतच घामाघूम होतात. घाम सुटणे, हात थरथरणे, अचानक भूक लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी गाडी कडेला घेऊन ताबडतोब तीन-चार चमचे साखर किंवा गूळ खावा, नंतर काही तरी जेवावे आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत गाडी चालवू नये.

वाचकांसाठी काही सूचना

शर्यत अमेरिकेतली असली तरी शरीर सगळ्यांचे सारखेच. म्हणून पुढील गोष्टी घरातील प्रत्येक चालकाला वाचून दाखवाव्यात.

१) लांबच्या प्रवासाआधीच्या रात्री पुरेशी झोप घ्यावी. झोपेची उधारी चहाने फिटत नाही.

२) शक्यतो मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळेत गाडी चालवू नये. पहाटेचे देवदर्शन उजाडल्यावरही घडते. देव कोठे जात नाही.

३) दर दोन तासांनी उतरून दहा-पंधरा मिनिटे पाय मोकळे करावेत. लांब पल्ल्याला दुसरा चालक असावा आणि त्याने खरोखर झोपून घ्यावे, गप्पा मारू नयेत.

४) वारंवार जांभई, डोळे चुरचुरणे, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणे, गाडी पट्ट्याबाहेर जाणे ही धोक्याची घंटा आहे. खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी फार तर काही मिनिटे निभावतात. विडी, तंबाखू, मावा हा तर उपायच नव्हे.

५) पेंग आली तर सुरक्षित जागी गाडी उभी करून एक कप कडक चहा-कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे. चहा-कॉफीचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. इंग्लंडमधील प्रयोगांत ही जोडी उपयोगी ठरली आहे. उठल्यावर थोडे चालावे, मगच चाक धरावे. मात्र ही तात्पुरती सोय आहे, रात्रभर जागण्याचा परवाना नव्हे.

६) बंद गॅरेजमध्ये किंवा कोंदट जागी इंजिन चालू ठेवून, काचा लावून गाडीत कधीही झोपू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. तो झोपेतच जीव घेतो.

७) पाणी थोडे थोडे पीत राहावे. उन्हात फार घाम गेला असेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्यावे. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे.

८) सर्दी, खाज, उलटी यांवरच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. गोळी घेताना "मला गाडी चालवायची आहे" असे डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला जरूर सांगावे.

९) जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा कोठेही डोळा लागणे, ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर तपासणी करून घ्यावी. असा माणूस आठ तास झोपूनही जागरण झाल्यासारखाच असतो. बहुधा ही गोष्ट त्याच्या पत्नीलाच आधी ठाऊक असते. तिने संकोच न करता सांगावी.

शेवटी गाडीमालकांना आणि वऱ्हाडींना एक विनंती. चालकाला "अजून थोडे रेट, आता गाव आलेच" असे म्हणू नये. तो नाही म्हणू शकत नाही, कारण त्याची रोजी तुमच्या हातात असते. त्याच्या जेवणाची सोय पाहता, तशी तीन-चार तासांच्या झोपेचीही पाहावी. मांडवात एक खाट आणि एक अंधारी खोली याला काही खर्च येत नाही. आणि ज्या चालकाला झोप येत आहे, त्याने ते उघडपणे सांगावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.